विमानाचं चित्र असलेलं कार्ड, की विमानातून आलेलं कार्ड?

जुनी_ट्रंक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा.

आजोबांच्या ट्रंकेत बुटांचं एक खोकं सापडलं. आत चाळीसेक पोस्टकार्डं, मूठभर लिफाफे आणि वर्तमानपत्राच्या पुड्यांत बांधलेली सुटी तिकिटं. जवळजवळ सगळ्यांत विमान आहे. कुठं चित्रात, कुठं शिक्क्यात, कुठं नुसता निळा कागदी पट्टा. मला लहानपणापासून विमानांचं वेड, त्यामुळे दोन आठवडे दुसरं काही सुचत नाहीये. अल्बम घेतलाय आणि विमानांच्या प्रकारानुसार लावायला सुरुवात केलीय.

एका कार्डावर मात्र अडलोय. पुढं काळापांढरा फोटो. एकावर एक पंख असलेलं अगडबंब विमान, ४ इंजिनं, शेपटीलाही दुहेरी पंख. अंगावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'जी-एएएक्स' आणि त्यापुढं आणखी एक अक्षर, पण नेमका तिथं सामानाच्या गाड्याशेजारी एक माणूस उभा आहे, त्याच्या खांद्याआड ते अक्षर गेलंय. मागं राजाचं डोकं असलेली २ तिकिटं, लंडनचा शिक्का, महिना जुलै, साल १९३२, दिवसाचा आकडा पुसट. 'पार आव्हियाँ' (म्हणजे विमानानं) लिहिलेली निळी चिठ्ठी आहे आणि तिच्यावर कुणीतरी जांभळट शाईच्या दोन जाड आडव्या रेघा ओढून ठेवल्यात. घरातल्या एखाद्या पोराचा उद्योग असणार. मजकूर मराठीत आहे, शेवटची ओळ: "किती दिवसांत पोचलं ते कळव."

प्रश्न तीन. तिकिटं पाण्यात भिजवून सोडवू का, म्हणजे बाकीच्यांबरोबर अल्बमात लावता येतील? त्या रेघा घालवायचा काही उपाय? आणि एकूण संग्रह लावायचा कसा?

रानपाखरू

पाण्यात घालू नका!!! बाकीचं सावकाश बोलू.

दातेरी_कडा

रानपाखरू यांना +१००. जुनी_ट्रंक, आधी ते कार्ड कोरड्या जागी ठेवा आणि हात लावायचं थांबवा.

भिजवणं हे सुट्या, सामान्य तिकिटांसाठी असतं, तेही कागदाचा तुकडा मागं चिकटलेला असेल तरच. पूर्ण कार्डावरचं तिकीट सोडवलं की तिकीट वेगळं, शिक्का अर्धा आणि कार्ड भुंडं. तीन वस्तू होतात आणि तिन्ही मुक्या. शिवाय १९३२ची लिहायची शाई पाण्यात उतरते. "किती दिवसांत पोचलं ते कळव" ही ओळ वाटीत तरंगली असती.

पुड्यांतल्या सुट्या तिकिटांबद्दल: बोटांनी उचलू नका, चपट्या टोकाचा चिमटा घ्या. बोटांचं तेल आज दिसत नाही, काही वर्षांनी तांबूस डाग होऊन दिसतं. वर्तमानपत्राचा कागद आम्लयुक्त असतो, तो तर आजच काढा. अल्बम कसला आहे? कार्डं-लिफाफे ठेवायला पीव्हीसीचे खिसे असतील तर तो परत करा. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे घालतात ते हळूहळू बाहेर येतं आणि छपाईला चिकटतं. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर चालेल. वास घेऊन बघा, नव्या रेनकोटासारखा वास आला तर नको.

पंखधारी

स्वागत! आणखी एक विमानवेडा आला, फार आनंद झाला.

विमान मी सांगतो. दुहेरी पंख, ४ इंजिनं, त्यातली २ वरच्या पंखावर आणि २ खालच्या पंखाजवळ, दुमजली शेपूट. हे हँडली पेज एच.पी. ४२ कुटुंबातलं आहे, इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीचं. एकूण ८च बनली. सगळ्यांची नावं इंग्रजी 'एच' अक्षरावरून: हॅनिबल, हॅनो, हॉर्सा, हेड्रियन, हेरॅक्लिस, होरेशियस, हेंगिस्ट, हेलेना. वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आजच्या हिशेबानं रांगणंच, पण पोट जमिनीला इतकं टेकलेलं की प्रवासी घरात शिरावं तसे आत शिरत. तुमच्या फोटोत तो माणूस अक्षरांच्या उंचीला येतोय ते त्यामुळेच.

संग्रह कसा लावायचा यावर माझं मत ठाम आहे: चित्राप्रमाणे. राइट बंधूंपासून सुरुवात करा. १९०३चं १२ सेकंदांचं उड्डाण, मग दुहेरी पंखांची विमानं, उडत्या बोटी (पाण्यावर उतरणारी विमानं), कॉन्स्टेलेशन, जेट, काँकॉर्ड. काँकॉर्ड पहिल्यांदा उडालं २ मार्च १९६९ला आणि ब्रिटनची ३ तिकिटं आली दुसऱ्याच दिवशी! माझ्या अल्बमात ती तीन एका ओळीत आहेत, पान उघडलं की अजून अंगावर काटा येतो. आणि स्वतंत्र भारताची पहिली ३ तिकिटं आठवा. झेंडा, अशोकाचे सिंह आणि तिसरं विमान, १२ आण्यांचं, वर 'जय हिन्द'. नव्या देशाला पहिल्या तिघांत विमान घ्यावंसं वाटलं, यातच सगळं आलं. तिकीट वापरलेलं की कोरं, कुठून कुठं गेलं, हे माझ्यासाठी दुय्यम. मला विमान बघायचंय.

भिंगवाला

पंखधारी, विमान अचूक ओळखलंत. त्या पुढच्या भागाशी मात्र मी सहमत नाही, आणि ज्या कार्डावरून धागा निघालाय तेच माझ्या बाजूनं साक्ष देतंय.

जुनी_ट्रंक, त्या दोन जाड रेघा कुठल्याही पोराच्या नाहीत. त्या टपाल खात्याच्या आहेत. हवाई टपालाचे पैसे भरलेलं पत्र विमानातून उतरवून पुढं रेल्वेनं किंवा बोटीनं पाठवायचं झालं, की निळी चिठ्ठी दोन जाड आडव्या रेघांनी रद्द करायची, असा त्या काळचा आंतरराष्ट्रीय नियम होता. नाहीतर पुढच्या कचेरीत गोंधळ व्हायचा, चिठ्ठी बघून तिथला माणूस ते पुन्हा हवाई थैलीत टाकायचा. या खुणा शोधून शोधून जमवणारे लोक आहेत, आणि तुम्ही त्या पुसायला निघाला होतात!

आता १९३२ सालात जा. लंडन ते कराची हवाई टपाल १९२९ला सुरू झालं. ऐकायला सलग उड्डाण वाटतं, पण सुरुवातीचा मार्ग बघा: लंडनच्या क्रॉयडन विमानतळाहून बाझलपर्यंत विमान, बाझल ते जेनोआ आगगाडी, जेनोआहून अलेक्झांड्रियापर्यंत उडती बोट आणि तिथून कराचीपर्यंत परत विमान. नंतर मार्ग बदलत गेला, तरी युरोपातला काही टप्पा रुळांवरूनच होता. लंडन ते कराची साधारण आठवडा. आणि कराचीच्या पुढं काय? जे.आर.डी. टाटांनी कराची–अहमदाबाद–मुंबई टपाल उडवलं ते १५ ऑक्टोबर १९३२ला, पस मॉथ विमानातून. इम्पीरियल एअरवेजनं कराचीला आणून टाकलेलं टपाल पुढं न्यायचं हेच तर त्या सेवेचं काम होतं. तुमचं कार्ड जुलैचं. ते तीन महिने आधी निघालं!

रेघा कुठल्या गावी मारल्या हे रेघांवर लिहिलेलं नसतं, म्हणून छातीठोक बोलत नाही. पण पत्ता कराचीच्या दक्षिणेचा असेल, तर माझा अंदाज असा की हे कार्ड कराचीला विमानातून उतरलं, चिठ्ठीवर रेघा बसल्या आणि पुढं रेल्वेनं गेलं. पत्ता इथं लिहू नका, फक्त दिशा सांगा.

जुनी_ट्रंक

भिंगवाला काका, हात थरथरतायत टाइप करताना. दक्षिणेचाच पत्ता आहे.

मी रबर घेऊन बसलो होतो हो. खरंच बसलो होतो.

सांजवेळ

वाचनखूण साठवली. काय सुंदर उकललंत काका.

माझा संग्रह अगदीच वेगळा, म्हणून लिहिते. मी फक्त विमानतळांची पोस्टकार्डं जमवते, तीही गच्ची किंवा गॅलरी दिसणारी. पूर्वी विमानतळांवर लोकांना विमानं बघायला गच्च्या असायच्या. कार्डांत बघा, कठड्याला टेकलेली माणसं, टोप्या, पोरांना खांद्यावर घेतलेले बाप, आणि पलीकडं विमान. बहुतेकांना कुठंही जायचं नसायचं, नुसतं बघायला आलेली माणसं. अशी कार्डं ओळीनं लावली की विमानं मोठी होत जातात आणि माणसं लांब जात जातात, शेवटी काचेमागं जातात. पंखधारी विमानाच्या क्रमानं लावतात, मी अंतराच्या क्रमानं लावते.

यातली बरीच कार्डं कोरी आहेत, कधीच पोस्टात पडली नाहीत. भिंगवाला काकांच्या हिशेबानं ती कुठंच गेली नाहीत. मला तरी ती सोडवत नाहीत.

अवांतर: एअरलाइन्सची स्वतःची कार्डं हा वेगळाच खजिना आहे. सीटच्या खिशात लिहिण्याचे कागद आणि कार्डं फुकट ठेवलेली असायची. तिथंच लिहायचं आणि द्यायचं. ज्या विमानाचं चित्र, त्याच विमानात बसून लिहिलेलं कार्ड! अशी माझ्याकडं ४ आहेत. एकावर फक्त एवढंच: "खाली सगळं पांढरं."

कोरा_लिफाफा

बाळबोध प्रश्न. 'पार आव्हियाँ' फ्रेंच का? लंडनच्या कार्डावर फ्रेंच कशाला?

भिंगवाला

बाळबोध कसला, चांगला प्रश्न आहे. १८७४ साली स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघाची अधिकृत भाषा फ्रेंच, म्हणून कुठल्याही देशातल्या टपाल कारकुनाला कळेल असा शब्द फ्रेंचमध्ये. शेजारी आपली भाषा लिहायला मोकळीक.

सांजवेळताई, तुमच्या कोऱ्या कार्डांबद्दल माझं म्हणणं इतकं कडक नाही हं! "खाली सगळं पांढरं" हे कार्ड मला मिळालं तर मी अर्धा कपाट रिकामं करून देईन.

उत्तरध्रुव

भिंगवाला यांच्या पारड्यात माझंही वजन. मी अपघातग्रस्त विमानांतून वाचलेलं टपाल जमवतो. विषय जड आहे हे माहीत आहे, घरीही सुरुवातीला विचारायचे की हे कशाला. पण एक पाकीट हातात घेऊन बघा.

१९१९च्या मे महिन्यात हॉकर आणि मॅकेन्झी-ग्रीव्ह न्यूफाउंडलंडहून अटलांटिक ओलांडायला निघाले. त्या उड्डाणासाठी ३ सेंटच्या २०० तिकिटांवर खास छपाई केली होती. इंजिन तापलं, समुद्रात उतरावं लागलं, एका जहाजानं दोघांना उचललं. जहाजावर रेडिओ नव्हता, म्हणून जगानं त्यांना मेलेलं धरलं. ते जिवंत परतले आणि तरंगणारं विमानही नंतर दुसऱ्या एका जहाजाला सापडलं, टपालाच्या थैलीसकट. ती पत्रं खाऱ्या पाण्यात भिजलेली, तरी पोचती केली गेली.

हिंडेनबर्ग हे जर्मन हवाई जहाज जळालं ६ मे १९३७ला. त्यात १७,००० हून जास्त पत्रं होती, त्यांतली सुमारे ३६० वाचली. कडा जळालेल्या, पत्ते अर्धे. टपाल खात्यानं त्यांतलं जे वाचता आलं ते पुढं पाठवलं. माझ्या संग्रहात यांपैकी काहीही नाही, असल्या वस्तू माझ्या आवाक्यात नाहीत. माझ्याकडं साधी पाकिटं आहेत, एका उडत्या बोटीच्या अपघातातलीही. त्यावर तिकीटच नाही, पाण्यानं सुटून गेलंय. तिकिटाच्या जागी फिकट चौकोन आणि शेजारी 'समुद्राच्या पाण्यानं खराब' असा शिक्का. पंखधारी, तुमच्या अल्बमात याला जागा नाही, कारण चित्रच नाही. मी मात्र ते दर पावसाळ्यात आधी तपासतो.

पंखधारी

उत्तरध्रुव, वाचून गप्प झालो. त्या रिकाम्या चौकोनाला जागा करीन मी, पहिल्या पानावर.

पण माझा मुद्दा सोडत नाही. चित्रातही इतिहास असतो, बघणारा हवा. अमेरिकेच्या १९१८च्या २४ सेंटवाल्या तिकिटाचं सगळ्यांना एवढंच माहीत की एका शीटवर विमान उलटं छापलं गेलं. दोन रंग, दोनदा छपाई, एकदा कागद उलटा गेला, आणि १०० तिकिटांचं ते शीट १४ मे १९१८ला वॉशिंग्टनमध्ये एका गिऱ्हाइकाच्या हाती पडलं. पण चित्रातल्या विमानाच्या अंगावरचा आकडा बघा: ३८२६२. दुसऱ्या दिवशी हवाई टपाल सेवेच्या उद्घाटनाला वॉशिंग्टनहून जे विमान उडालं त्याचा आकडाही ३८२६२च! वैमानिक बॉइल उत्तरेला फिलाडेल्फियाकडं जायचा, तो रेल्वेचे रूळ बघत निघाला आणि भलतेच रूळ धरून दक्षिणेला गेला. शेतात उतरताना विमान मोडलं, टपाल मोटारीनं परत आणलं. हे सगळं मला एका आकड्यामुळं सापडलं, आणि आकडा चित्रात होता.

दातेरी_कडा

दोघांच्या भांडणात एक मधली वाट आहे, मॅक्सिमम कार्ड. चित्राचं पोस्टकार्ड, चित्राच्याच बाजूला त्याच विषयाचं तिकीट आणि त्यावर त्या विषयाशी नातं असलेल्या जागेचा नि वेळेचा शिक्का. तिन्ही जुळलं पाहिजे. प्रदर्शनांतही चित्रांचा विषयवार संग्रह आणि हवाई टपालाचा संग्रह असे वेगवेगळे वर्ग असतात, तेव्हा कुणीच चूक नाही.

नव्यांसाठी खबरदारीच्या दोन गोष्टी. जुन्या विमानकार्डांच्या नकला खूप फिरतात. १० पट भिंगातून फोटो बघा. खऱ्या फोटोकार्डात राखाडी छटा सलग असते, छापील नकलेत ठिपक्यांची जाळी दिसते. त्या काळातही छापील कार्डं निघत, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. दुसरं, अतिनील दिवा. साधारण १९५० नंतरच्या कागदांत उजळपणासाठी रसायनं घालू लागले, तो कागद त्या दिव्याखाली निळसर पांढरा चमकतो. १९३०चं म्हणून दाखवलेलं कार्ड ट्यूबलाइटसारखं चमकलं तर हात जोडून परत द्या.

आणि झगमगीत विमानांची, कधी न ऐकलेल्या देशांच्या नावानं निघालेली तिकिटं बघून भुलू नका. त्यांतली कित्येक त्या देशाच्या टपाल खात्यानं कधी काढलेलीच नसतात. मी सुरुवातीला दोन वर्षं तेच जमवलं. एका विक्रेत्यानं अख्खा गठ्ठा दिला होता आणि मी खूश होतो. कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. ती पानं अजून ठेवलीयत, नवीन कुणी आलं की दाखवायला.

कोरा_लिफाफा

मग जगातलं पहिलं विमान टपाल कुठलं धरतात? १९१८चं अमेरिकेचं?

भिंगवाला

नाही! पहिलं अधिकृत विमान टपाल आपल्याकडचं. १८ फेब्रुवारी १९११, अलाहाबाद ते नैनी. आँरी पेके नावाचा २३ वर्षांचा फ्रेंच वैमानिक, सुमारे ६,५०० पत्रं घेऊन यमुनेपलीकडं उतरला. अंतर १० किलोमीटरच्या आसपास. त्यासाठी खास शिक्का होता, विमान आणि डोंगरांचा. भारतानं त्याच्या पन्नाशीला, १९६१मध्ये ३ तिकिटं काढली, ती सहज मिळतात, नवख्यानं तिथून सुरुवात करावी. हवाई टपालासाठीचं पहिलं तिकीट मात्र इटलीचं, १९१७चं, तुरिन–रोम उड्डाणासाठी. त्यावर विमान नाही. जुन्याच तिकिटावर अक्षरं छापून भागवलं होतं.

आणि त्याच्याही आधी फुगे. १८७०ला पॅरिसला वेढा पडला तेव्हा शहरातून पत्रं फुग्यांनी बाहेर पडत. वजन वाचवायला कागद इतका पातळ की एका बाजूचं अक्षर दुसऱ्या बाजूला उमटे.

रानपाखरू

आपला स्टीफन स्मिथ राहिला! १९३०च्या दशकात रॉकेटनं टपाल उडवणारा. १९९२ला त्याच्यावर तिकीट निघालंय. पंखधारी, रॉकेट चालेल ना तुमच्यात?

पंखधारी

धावेल. उडेल.

बरं, मूळ कार्डाकडं या. जुनी_ट्रंक, आठांपैकी 'जी-एएएक्स'ची ४च: शेवटचं अक्षर सी असेल तर हेरॅक्लिस, डी होरेशियस, ई हेंगिस्ट, एफ हेलेना. ही चारही मूळची युरोपातल्या मार्गांसाठी बांधलेली. म्हणजे चित्रातलं विमान पॅरिसच्या बाजूचं, कराचीच्या बाजूचं नव्हे. त्या माणसाच्या खांद्याबाहेर अक्षराचा थोडासुद्धा भाग दिसतो का? डावी कड दिसली तरी पुरे. डी, ई, एफ तिघांना डावीकडं उभी सरळ रेघ असते.

जुनी_ट्रंक

थांबा, भिंग आणतो.

जुनी_ट्रंक

उशीर झाला, माफ करा. दिवसाचा उजेड हवा होता म्हणून सकाळपर्यंत थांबलो.

कार्ड आता पॉलिएस्टरच्या खिशात आहे, दोन्ही बाजू दिसतील असं. तिकिटं जागेवर, रेघा जागेवर. अल्बमात ते विमानांच्या ओळीत लावलं नाही. त्याला एक पान वेगळं दिलंय, आणि पानावर पेन्सिलीनं मार्ग लिहिलाय: क्रॉयडन, मधल्या नावांची जागा मोकळी, कराची, पुढं रेल्वे. मधली नावं १९३२चं वेळापत्रक कुठं बघायला मिळालं तर भरीन. बाकीची चित्रांची कार्डं पंखधारी सांगतात तशीच लावतोय.

"किती दिवसांत पोचलं ते कळव" याचं उत्तर मला देता येत नाहीये. पोचल्याचा शिक्का आहे, त्यावरचा ९ ऑगस्ट स्वच्छ वाचता येतो. निघाल्याचा दिवस काही केल्या उमटत नाही.

पण अक्षर दिसलं. खांद्याच्या कडेला केसाएवढी पांढरी फट आहे, तिथं काळ्या शाईचा तुकडा. वरून निघतो, डावीकडं फुगतो आणि खाली परत आत वळतो. सरळ रेघ नाही, वाक आहे.

पंखधारी

हेरॅक्लिस!!!